पूरग्रस्त भागातल्या चोराला दुप्पट शिक्षा हवी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महापुरात प्रशासनाच्या सांगण्यावरून तुम्ही घर सोडलंत. आठ दिवसांनी परत आलात तर कपाट फोडलेलं, गॅसची टाकी नाही आणि देवघरातली आईची चांदीची समईही नाही. लोक जीव मुठीत घेऊन बाहेर पडत असताना त्यांची घरं धुऊन नेणाऱ्यांना नेहमीपेक्षा कडक, निदान दुप्पट शिक्षा देणारा कायदा आपल्याकडे का नाही, असं तुम्ही विचारलं आहे.

कृष्णाकाठच्या फौजदारी कोर्टांत मी सत्तावीस वर्षं वकिली केली, त्यातली बरीच सरकार पक्षाकडून. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांनंतरचे खटले हाताखालून गेले. आपत्तीतल्या काही गुन्ह्यांना जास्त शिक्षा हवी, असं माझंही ठाम मत आहे. फक्त ती कोणत्या गुन्ह्यांना, यावर आपलं जमेलच असं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्याच प्रकरणापुरता कायदा पाहू. कायद्यात शिक्षा कमी आहे, हा समज खरा नाही. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत. त्या कलमात इमारतीबरोबर तंबू आणि जहाज हेही शब्द आहेत, म्हणजे निवारा छावणीतल्या तंबूतून कुणी पिशवी उचलली तरी हेच कलम लागतं. वाहनातून माल चोरला किंवा सरकारी मालमत्ता चोरली तरी तेच, त्यामुळे मदतीचा ट्रक लुटणाराही यात येतो. बंद घर फोडून रात्री चोरी केली, म्हणजे रात्रीची घरफोडी, तर कलम ३३१ खाली शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४५७ ते हेच. मृताच्या अंगावरचा ऐवज लाटणाऱ्यासाठी वेगळं कलम १८६० पासून आहे, आता त्याचा क्रमांक ३१५. केदारनाथला २०१३ मध्ये मृतदेहांवरचे दागिने काढून नेल्याच्या बातम्या वाचून आपण सगळेच हादरलो होतो. त्या कृत्याला कायद्यात नाव नव्हतं असं नाही.

चौदा वर्षं पुस्तकात आहेत. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. घरफोडीचा खटला चालतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आपण ज्याला जेएमएफसी कोर्ट म्हणतो तिथे. त्या कोर्टाला ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. आरोपीला याहून जास्त शिक्षा व्हायला हवी असं न्यायाधीशांना वाटलं तर ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात, आणि त्यांची मर्यादा आहे ७ वर्षं. असं पाठवलेलं प्रकरण माझ्या वाट्याला क्वचितच आलं. तेव्हा १४ ची २८ केली तरी तालुक्याच्या कोर्टातला निकाल तीन वर्षांच्या आतच राहील. शिक्षा वाढवण्याच्या मागण्या करणाऱ्यांपैकी हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तीन वर्षं तरी होतात का? खरी अडचण इथे आहे. एका पुरानंतरचा खटला मला आजही टोचतो. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी एका भंगारवाल्याकडे पोलिसांना पितळी पातेली, दोन घागरी आणि शिलाई यंत्राचं डोकं मिळालं. आरोपी सापडले, मुद्देमाल सापडला. फिर्यादी बाई कोर्टात आल्या. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, अशी पातेली बाजारात मिळतात ना? त्या खरं तेच बोलल्या: मिळतात. घरात नेमकं काय काय होतं याची यादी घटनास्थळ पंचनाम्यात नव्हती, कारण पंचनामा झाला तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि तलाठी पडझडीच्या नोंदीत गुंतलेले. दोन पंचांपैकी एक मुलाकडे पुण्याला राहायला गेलेला, दुसरा म्हणाला की छावणीत माझी सही घेतली, माल मी पाहिलाच नाही. निर्दोष सुटले सगळे. त्या निकालात न्यायाधीशांची चूक मी आजही काढू शकत नाही.

त्याच पुरातला दुसरा खटला मात्र आम्ही जिंकलो, तो एका तांब्यामुळे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. त्या तांब्याच्या बुडाशी फिर्यादीच्या आजीचं नाव आणि लग्नाची तारीख ठोकलेली होती. साक्ष पंधरा मिनिटांत संपली. आजीच्या लग्नात कुणीतरी खिळा-हातोडी घेऊन घातलेलं ते नाव सत्तर वर्षांनी पुरावा म्हणून उभं राहिलं.

पुरात पाणी पुरावा धुऊन नेतं. बोटांचे ठसे, पावलांच्या खुणा, कुलपावरचे ओरखडे, काही उरत नाही. शेजारी साक्षीला नसतात, कारण तेही छावणीत असतात. भिंत पडलेल्या घरात शिरलेला माणूस ‘घर फोडून’ शिरला का, हाही वाद बचाव पक्ष घालतोच. ज्या गुन्ह्याचा छडा लागत नाही किंवा जो सिद्ध होत नाही, त्याची शिक्षा कागदावर कितीही असली तरी चोराला त्याचं काय?

मग वाढीव शिक्षा हवी असं मी का म्हणतो? कारण या चोरीचं नुकसान चोरलेल्या वस्तूच्या किमतीत मोजता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी चढत होतं, घोषणा चालू होत्या, तरी कितीतरी कुटुंबांतला एक माणूस माडीवर थांबलाच. कुणी जनावरांसाठी, कुणी ‘घर उघडं कसं टाकायचं’ म्हणून. मग त्या एकेकट्या माणसासाठी बोट पाठवावी लागते, आणि बोटीतले जीवही धोक्यात येतात. एका पुरात वस्तीतली चार घरं फुटली की पुढच्या पुरात चाळीस घरं वेळेवर हलत नाहीत. रिकाम्या केलेल्या घरातली चोरी म्हणजे सरकारच्या ‘बाहेर पडा’ या शब्दावरच्या विश्वासाची चोरी आहे, आणि तो विश्वास गेला की माणसं मरतात. न्यायालयाने शिक्षा ठरवताना हे नुकसान मोजलंच पाहिजे.

अशी तरतूद करणारे देश आहेत. फिलिपिन्सच्या १९३० च्या दंडसंहितेत आग, जहाजबुडी, भूकंप, साथ अशा संकटाचा मोका साधून केलेला गुन्हा ही शिक्षा वाढवणारी परिस्थिती मानली आहे. आग, भूकंप, वादळ, ज्वालामुखीच्या वेळची चोरी तर तिथे थेट ‘गंभीर चोरी’ ठरते. ज्या देशावर दरवर्षी वादळं आदळतात त्याने नव्वद वर्षांपूर्वीच याचा विचार केला होता. तुर्कस्तानात आपत्तीमुळे पसरलेल्या भीतीचा किंवा गोंधळाचा फायदा घेऊन केलेल्या चोरीला ५ ते १० वर्षं कैद आहे. आपत्तीग्रस्तांसाठी ठेवलेल्या वस्तूंच्या चोरीसाठी आणखी एक उपकलम आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात आणीबाणी जाहीर असताना केलेल्या लुटीला किमान ३ आणि कमाल १५ वर्षं, तीही सक्तमजुरीची.

पण याच देशांनी मला सावधही केलं आहे. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये लुटालुटीच्या आणि गोळीबाराच्या खऱ्याखोट्या बातम्यांनी हवा इतकी तापली होती की ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले, वर खोटे पुरावे रचले गेले. त्या पोलिसांनी गुन्हा कबूल करून शिक्षा घेईपर्यंत २०१६ उजाडलं. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर दहा प्रांतांत आणीबाणी लागली. पुढच्या काही आठवड्यांत लुटारू असल्याच्या संशयावरून लोकांना जबर मारहाण झाल्याचं, एकाचा कोठडीत मृत्यू झाल्याचं ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी नोंदवलं. आपल्याकडे पुराच्या काळात गावोगाव रात्रीच्या गस्तीची पथकं निघतात. ती निघावीत, मी स्वतः अशा पथकात रात्री काढल्या आहेत. पण त्या पथकाच्या हाती एखादा अनोळखी फिरस्ता लागतो तेव्हा काय होतं, तेही मी पाहिलं आहे. ‘पूरग्रस्तांना लुटणारे’ हा शब्द रागाने इतका भरलेला असतो की पुरावा मागणाराच गुन्हेगार वाटू लागतो. कायदा करताना या रागाला लगाम घालणारा भागही त्यातच हवा.

आपत्तीवर आयुष्यभर संशोधन केलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांचा निष्कर्ष इथे उपयोगी आहे. नैसर्गिक आपत्तीत सरसकट लुटालूट होत नाही, ती विरळ असते. १९८९ मध्ये ह्यूगो वादळानंतर सेंट क्रॉय बेटावर झाली तशी घटना अपवादात्मक. जी चोरी होते ती बहुधा एकट्यादुकट्याने, लपूनछपून केलेली असते. दंगलीतल्या उघड लुटीहून ती वेगळी. माझा अनुभव याला धरूनच आहे. पुरात माझ्या आसपासच्या लोकांनी एकमेकांना दिलं ते चोरांनी नेलं त्याच्या शंभरपट असेल.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो. आपत्तीतला सर्वांत मोठा चोर कुलूप फोडत नाही. तो याद्या करतो. पंचवीस किलोच्या पोत्यातून पाच किलो काढतो, पडलेल्या घरांच्या यादीत आपल्या भावाचं शाबूत घर घालतो, विधवेचं नाव ‘कागदपत्र अपूर्ण’ म्हणून मागे ठेवतो आणि ते पुढे सरकवायला पैसे मागतो. या माणसासाठी आपल्याकडे खास कायदा आहे, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्यातलं कलम ५३ मदतीचा पैसा आणि साहित्य लाटणाऱ्याबद्दल आहे. जास्तीत जास्त शिक्षा किती? २ वर्षं आणि दंड. खोटा दावा करून मदत उकळणाऱ्याला कलम ५२ खाली तेवढीच. म्हणजे पूरग्रस्ताच्या घरातून भांडी नेणाऱ्याला कायदा १४ वर्षांपर्यंत कैद सांगतो, आणि हजार पूरग्रस्तांचं धान्य विकून खाणाऱ्याला आपत्तीचा म्हणून केलेला कायदा दोन.

हे वाचून तुम्ही म्हणाल की सरकारी नोकराने केलेल्या अपहाराला न्याय संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बरोबर, कलम ३१६ चं ते पोटकलम आहे. पण ते लागतं सरकारी नोकर, बँकर, व्यापारी, अडते अशांना. मदतवाटपाचं काम पुष्कळदा गावातल्या समितीकडे, मंडळाकडे, कुणा पुढाऱ्याच्या गोदामाकडे असतं. तिथे अनेकदा आपत्तीचाच कायदा पुढे केला जातो, आणि मग आडवं येतं कलम ६०. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय थेट घेऊ शकत नाही. तक्रार सरकारने किंवा आपत्ती प्राधिकरणाने किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने करायची, नाहीतर सामान्य माणसाने आधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यायची. एका गावातले लोक माझ्याकडे मदतीच्या किटच्या अपहाराची फाइल घेऊन आले होते. फोटो होते, पावत्या होत्या, साक्षीदार होते. फक्त तक्रार योग्य अधिकाऱ्याने केलेली नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन फेऱ्या मारून त्यांनी नाद सोडला, कारण त्यांना घरं उभी करायची होती. ज्याच्या छपराचे पत्रे उडालेत त्याला नोटिशीचा मसुदा करायला लावणारा हा कायदा आहे.

अमेरिकेने या बाबतीत स्वतःच्या चुकीतून धडा घेतला. कतरिना आणि रीटा या वादळांनंतर वाटलेल्या मदतीत ६० कोटी ते १४० कोटी डॉलर चुकीच्या किंवा खोट्या दाव्यांवर गेल्याचा अंदाज तिथल्या संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये दिला. २००८ च्या जानेवारीत आपत्तीच्या मदतीतली फसवणूक हा वेगळा संघीय गुन्हा झाला, कमाल शिक्षा ३० वर्षं. तीस वर्षांची मी मागणी करत नाही. पण आपली दोन वर्षं निदान सात व्हावीत, आणि पीडिताला नोटीस न देता पोलीस ठाण्यात फिर्याद देता यावी, एवढं तरी मागायलाच हवं.

‘आपत्तीग्रस्त भागातल्या सर्व गुन्ह्यांना दुप्पट शिक्षा’ अशी सरसकट तरतूद मात्र मला धोक्याची वाटते. भाग कोणता, हे कोण आणि कशावरून ठरवणार? कोविडमध्ये २४ मार्च २०२० पासून ३१ मार्च २०२२ पर्यंत आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे आदेश देशभर लागू होते. म्हणजे दोन वर्षं सगळा भारत आपत्तीग्रस्त. दुष्काळ हीसुद्धा आपत्तीच. मराठवाड्यात दुष्काळ जाहीर झाला की हजारो गावं यादीत येतात. तिथल्या सायकलचोराला दुप्पट कैद का? आणि पाण्याने वेढलेल्या बंद दुकानातून पोरांसाठी दुधाची पावडर आणि बिस्किटं काढणाऱ्या बापाचं काय? मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीला न्याय संहितेचं कलम १९ संरक्षण देतं, पण ते कोर्टात सिद्ध करेपर्यंत तो आत असतो. क्राइस्टचर्चच्या २०११ च्या भूकंपानंतर पडक्या इमारतीतून दोन दिव्यांचं साहित्य उचलणाऱ्या एका स्वमग्न तरुणाला पोलिसांनी लुटारू म्हणून कोठडीत ठेवलं होतं. पुढे त्याच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. तेव्हा तरतूद अरुंदच हवी: स्थलांतराचा लेखी आदेश निघालेली वस्ती, तो आदेश उठेपर्यंतचा आणि त्यानंतरचे काही दिवस एवढाच काळ, आणि घरफोडी, मृतांच्या अंगावरची चोरी, बचाव पथकाचा किंवा अधिकाऱ्याचा वेश घेऊन केलेली फसवणूक एवढेच गुन्हे. अन्न, पाणी, औषध स्वतःपुरतं घेणारा त्यातून स्पष्ट शब्दांत बाहेर.

हे अशक्य नाही, कारण दोनदा आपण ते केलं आहे. २०१९ मध्ये पॉक्सो कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक आपत्तीच्या काळात बालकावर केलेला लैंगिक अत्याचार हा ‘गंभीर’ प्रकारात आला. त्यातल्या सर्वांत भयंकर गुन्ह्याला किमान २० वर्षं कैद आहे. छावण्यांत, गर्दीत, आईबापांपासून तुटलेल्या मुलांबाबत ही तरतूद अगदी योग्य आहे, आणि ती छावणीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असायला हवी. दुसरं उदाहरण २०२० चं. डॉक्टर-नर्सवर हल्ले होऊ लागले तेव्हा साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. शिक्षेपेक्षा मला तिच्यातलं वेळापत्रक महत्त्वाचं वाटतं: तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत पुरा करायचा, खटला एका वर्षात संपवायचा, आणि मोडतोड केलेल्या मालमत्तेची बाजारभावाच्या दुप्पट भरपाई आरोपीकडून घ्यायची. पूरग्रस्ताला यातली भरपाई आणि तारीख, दोन्ही चोराच्या कैदेच्या वर्षांपेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

महाराष्ट्राने एकट्याने असा कायदा करायचा म्हटलं तर विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सांगणारं शक्ती विधेयक विधिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलं, ते तिथेच अडकलं. आणि उद्या कायदा झालाच तरी तुमच्या चोराला तो लागणार नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती तीहून जास्त देता येत नाही, संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये तसं स्पष्ट आहे.

म्हणून तुमच्या हातात आज जे आहे ते करा. फिर्याद दिली नसेल तर लगेच द्या. तुमचं पोलीस ठाणं पाण्यात गेलं होतं, हद्द दुसरी आहे, ही कारणं चालत नाहीत. आता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते, ऑनलाइनही देता येते, फक्त ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. फिर्यादीत ‘घरातील किरकोळ सामान’ असे शब्द लिहू देऊ नका. वस्तू एकेक सांगा, खुणेसह: टाकीचा क्रमांक गॅसच्या पुस्तकात आहे, कपाटाचं बिल दुकानदाराकडे निघेल. स्थलांतराचा आदेश कोणत्या तारखेचा होता आणि तुम्ही घर कधी सोडलंत हे जरूर नोंदवा. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर युक्तिवाद होतो, तेव्हा सरकारी वकिलाला तेच सांगायचं असतं की हे घर सरकारच्या शब्दावर उघडं पडलं होतं. दुप्पट शिक्षेचं कलम नसलं तरी न्यायाधीशांनी आहे त्या मर्यादेत वरच्या टोकाला जावं, यासाठी हा मुद्दा आजही चालतो. मी तो मांडला आहे आणि एकदा मान्यही झाला आहे.

माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत मालखान्यात पडून राहू देऊ नका. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने सांगितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मागा. कोर्टापुढे आलेल्या मालाचं वर्णन १४ दिवसांत आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याच्याबद्दल आदेश, अशी मुदत नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, घातलेली आहे. ती अर्जात लिहून दाखवा.

आणि समईचं म्हणाल तर बुडाशी नाव आहे का ते आईला विचारा. नसेल तर गेल्या पाच-दहा वर्षांतले गणपतीचे, सत्यनारायणाचे, कुणाच्या मुंजीचे फोटो चाळा. देवघरासमोर काढलेल्या एखाद्या फोटोत मागे समई दिसत असेलच. तो फोटो मोठा करून दोन प्रती काढा, एक तपासी अंमलदारांना द्या आणि दिल्याची पोच घ्या.